वाचकांचे प्रश्न : शाळेची ऑनलाइन प्रणाली कोणाच्या ताब्यात असावी?

नव्या शैक्षणिक वर्षाची खरेदी बहुतेक संस्था उन्हाळ्याच्या सुट्टीत ठरवतात. त्यामुळे या वेळच्या टपालात लर्निंग प्लॅटफॉर्मविषयीची, म्हणजे गृहपाठ, चाचण्या आणि धडे ऑनलाइन चालवणाऱ्या प्रणालींविषयीची, पत्रे पुष्कळ आहेत. कंपनीची तयार सेवा घ्यावी की मूडलसारखे मुक्तस्रोत (ज्याचा कोड कोणालाही पाहता, वापरता व बदलता येतो असे) सॉफ्टवेअर वापरावे, हा त्यांतील समान धागा आहे. त्यांपैकी पाच पत्रांना येथे उत्तरे दिली आहेत. पहिल्या पत्राचे उत्तर लांबले आहे, कारण इतरांच्या अनेक शंकांची मुळे त्यातच आहेत.

प्रश्न : आमची संस्था तीन माध्यमिक शाळा चालवते आणि एकूण विद्यार्थी सुमारे १,८०० आहेत. एका कंपनीने गृहपाठ, चाचण्या, व्हिडिओ धडे आणि पालकांसाठी ॲप असा प्रस्ताव दिला आहे. शुल्क प्रति विद्यार्थी वार्षिक आहे आणि पहिले वर्ष विनामूल्य आहे, मात्र करार तीन वर्षांचा आहे. दुसरीकडे आमचे एक माजी विद्यार्थी मूडल मोफत बसवून देण्यास तयार आहेत. कार्यकारी मंडळात दोन तट पडले आहेत. निर्णय कसा करावा?
— संस्थेचे कार्यवाह, सांगली जिल्हा

उत्तर : दोन्ही प्रस्तावांत ‘मोफत’ हा शब्द आहे आणि मंडळाने सर्वांत आधी तोच तपासावा, असे मला वाटते. कंपनीच्या विनामूल्य वर्षात आपले शिक्षक प्रश्नसंच तयार करतील, पालकांना त्या ॲपची सवय होईल, गुणांची नोंद तेथेच साठत जाईल. दुसऱ्या वर्षाचे बिल येईल तेव्हा ते नाकारण्याची किंमत पहिल्या दिवसापेक्षा कितीतरी वाढलेली असेल. माजी विद्यार्थ्याच्या बाबतीत हिशेब वेगळा आहे. मूडल बसवणे हे जाणकार माणसाचे एक-दोन दिवसांचे काम असते. त्यानंतर ती प्रणाली वर्षानुवर्षे चालवावी लागते, आणि ते काम मोफत होत नसते.

मूडल हा हौशी मंडळींचा प्रयोग आहे, असा समज मंडळातील कोणाचा असेल तर तो दूर करावा. ऑस्ट्रेलियातील पर्थ येथील मार्टिन डुगियामास यांनी ते सुरू केले आणि त्याची पहिली पूर्ण आवृत्ती ऑगस्ट २००२ मध्ये आली. त्याचा परवाना जीपीएल प्रकारचा आहे, म्हणजे ते कोणालाही वापरता, तपासता, बदलता आणि पुढे वाटता येते, आणि एकदा मिळालेली ती मुभा पुढे कोणी काढून घेऊ शकत नाही. ब्रिटनच्या मुक्त विद्यापीठाने २००५ मध्ये मूडलची निवड केली. जर्मनीतील बव्हेरिया राज्याने आपल्या शाळांसाठीचा प्लॅटफॉर्म त्यावरच उभारला. १,८०० विद्यार्थ्यांचा भार त्याला मुळीच जड नाही.

जड जाते ती देखभाल. मूडलची नवी आवृत्ती दर सहा महिन्यांनी येते. त्यांपैकी काही दीर्घ मुदतीच्या आवृत्त्यांना सुमारे तीन वर्षे सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळत राहतात आणि शाळेने त्याच घ्याव्यात. त्या दुरुस्त्या वेळच्या वेळी कोणीतरी बसवल्या पाहिजेत, रोजचा बॅकअप दुसऱ्या ठिकाणी गेला पाहिजे, आणि तो बॅकअप खरोखर परत उघडतो का, हे वर्षातून एकदा तरी प्रत्यक्ष करून पाहिले पाहिजे. १,८०० खाती असणे आणि घटक चाचणीच्या सकाळी ४०० मुलांनी एकाच मिनिटात उत्तरपत्रिका उघडणे, या सर्व्हरच्या दृष्टीने अगदी निराळ्या गोष्टी आहेत. सर्व्हरची क्षमता दुसऱ्या प्रसंगाचा विचार करून घ्यावी लागते. व्हिडिओ मूडलमध्ये न साठवता बाहेर ठेवून त्याची केवळ लिंक द्यावी, अन्यथा जागेचा खर्च लवकरच हाताबाहेर जातो.

आपल्या माजी विद्यार्थ्याच्या सद्भावनेचा पूर्ण आदर ठेवून एक गोष्ट आग्रहाने सांगतो. डोमेन (संकेतस्थळाचे नाव), सर्व्हरचे खाते आणि मुख्य पासवर्ड हे सर्व संस्थेच्या नावावर आणि संस्थेच्या ईमेलवर असावे, आणि ते किमान दोन व्यक्तींना ठाऊक असावे. ज्या एका माणसाला सगळे माहीत आहे तो नोकरीनिमित्त परगावी गेला की मुक्तस्रोत प्रणालीसुद्धा कुलूपबंद होते. अशा शाळा मी पाहिल्या आहेत, आणि तेथील शिक्षकांचा उत्साह कसा मावळतो तेही पाहिले आहे.

कंपनीच्या बाजूने पाहताना तिच्या प्रतिनिधीच्या वर्तनापेक्षा या व्यवसायाचा इतिहास अधिक बोलका आहे. एडमोडो हा प्लॅटफॉर्म २००८ मध्ये सुरू झाला आणि जगभरच्या शिक्षकांनी तो विनामूल्य वापरला. पुढे तो दुसऱ्या कंपनीकडे गेला आणि २२ सप्टेंबर २०२२ रोजी बंद झाला. गूगलने शैक्षणिक संस्थांना अमर्याद साठवण दिली होती. २०२१ मध्ये धोरण बदलले आणि जुलै २०२२ पासून प्रत्येक संस्थेसाठी मिळून १०० टेराबाइटची मूळ मर्यादा लागू झाली. लर्निंग प्लॅटफॉर्म विकणाऱ्या ब्लॅकबोर्ड कंपनीने २००६ मध्ये वेबसीटी ही प्रतिस्पर्धी कंपनी विकत घेतली आणि त्याच वर्षी एका पेटंटच्या आधारे डिझायर टू लर्न या दुसऱ्या प्रतिस्पर्ध्यावर दावा लावला. ते पेटंट २००९ मध्ये अमेरिकेच्या अपील न्यायालयात टिकले नाही, पण मधली तीन वर्षे ग्राहक असलेल्या विद्यापीठांना आपण वापरत असलेल्या उत्पादनाचे भवितव्य काय, या चिंतेत काढावी लागली. यातले काहीही फसवणुकीचे नव्हते. ते कंपन्यांचे धंद्याचे निर्णय होते. मात्र त्या निर्णयांत शाळेला मत नव्हते.

मुक्तस्रोत प्रकल्पांमागेही संस्था असतात आणि त्यांचीही खरेदी-विक्री होते, हे मी लपवणार नाही. एडेक्स हे ऑनलाइन अभ्यासक्रमांचे व्यासपीठ २०२१ मध्ये ८० कोटी डॉलरना टू-यू या कंपनीला विकले गेले, आणि २०२४ मध्ये तीच कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. परंतु ओपन एडेक्स हे मूळ सॉफ्टवेअर मुक्त परवान्याखाली असल्यामुळे ते या व्यवहाराबाहेर राहिले. ज्यांनी आपापल्या सर्व्हरवर ते बसवले होते त्यांना या उलथापालथीमुळे काही हलवावे लागले नाही. आयआयटी मुंबईने आपले ऑनलाइन अभ्यासक्रम याच सॉफ्टवेअरवर उभे केले आहेत. मालक बदलला तरी वापरणाऱ्याचा हक्क शाबूत राहतो, हा मुक्त परवान्याचा खरा लाभ आहे, आणि माझ्या मते तो परवाना शुल्कातील बचतीपेक्षा कितीतरी मोठा आहे.

म्हणून माझा सल्ला आपल्या मंडळाच्या दोन्ही तटांपेक्षा थोडा निराळा आहे. मूडल घ्यावे, पण ते चालवण्याचे काम पैसे देऊन सोपवावे. सर्व्हर आणि देखभाल पुरवणाऱ्या व्यावसायिक संस्था भारतात आहेत. त्यांच्याकडून दरपत्रके मागवून एक-एक वर्षाचा देखभाल करार करावा. सेवा न पटल्यास पुढच्या वर्षी तीच प्रणाली, तेच अभ्यासक्रम आणि तीच खाती दुसऱ्या सेवादात्याकडे नेता येतात. माजी विद्यार्थ्यांना संस्थेचे तांत्रिक सल्लागार म्हणून त्या करारावर देखरेख करण्याची विनंती करावी. त्यांच्या ज्ञानाचा तो अधिक चांगला उपयोग होईल.

तुलनात्मक तक्ता पाच वर्षांच्या खर्चाचा करावा. त्यात १८ टक्के जीएसटी धरावा, कारण शाळेची शिक्षणसेवा करमुक्त असल्याने भरलेल्या कराची वजावट साधारणपणे मिळत नाही. शिक्षकांच्या प्रशिक्षणाचे दिवस धरावेत. पाचव्या वर्षाअखेर प्रणाली सोडायची झाल्यास काय खर्च येईल, तो रकानाही ठेवावा. कंपनीचा प्रतिनिधी त्या रकान्यात काय लिहितो यावरून पुष्कळ काही कळेल. विनाअनुदानित शाळेत हा खर्च पालकांकडून घ्यायचा असेल तर महाराष्ट्राच्या २०११ च्या शुल्क विनियमन अधिनियमानुसार पालक-शिक्षक संघाच्या कार्यकारी समितीची मान्यता लागते, तीही वेळेत घ्यावी.

देखभालीसाठी नियमित पैसा उभा करणे शक्यच नसेल आणि लक्ष घालणारा एकही कर्मचारी नसेल, तर कंपनीची सेवा घेणे अधिक शहाणपणाचे ठरेल. अशा वेळी करार तीन वर्षांऐवजी एका वर्षाचा करावा, आणि पुढील उत्तरातील कलम त्यात घालावे.

प्रश्न : आमच्या शाळेने चार वर्षांपूर्वी एका खासगी प्लॅटफॉर्मशी करार केला. शिक्षकांनी तयार केलेले हजारो प्रश्न त्यात आहेत. आता शुल्क परवडत नाही म्हणून बाहेर पडायचे ठरवले, तर कंपनी फक्त पीडीएफ देण्यास तयार आहे. प्रश्न कोणाच्या मालकीचे?
— मुख्याध्यापिका, नाशिक

उत्तर : १९५७ च्या स्वामित्व हक्क कायद्याच्या १७ व्या कलमानुसार, नोकरीचा भाग म्हणून तयार केलेल्या साहित्याचा पहिला मालक, वेगळा करार नसल्यास, नोकरी देणारा असतो. म्हणजे शिक्षकांनी शाळेच्या कामासाठी केलेले प्रश्न सर्वसाधारणपणे संस्थेचे ठरतात. केवळ कंपनीच्या सर्व्हरवर ठेवले म्हणून ते तिचे होत नाहीत. तरीही करारात शिक्षकांचे साहित्य वापरण्याचा किंवा स्वतःकडे ठेवण्याचा हक्क कंपनीला देणारे कलम आहे का, हे वकिलांकडून तपासून घ्यावे. वाद झाल्यास तो कोणत्या शहराच्या न्यायालयात चालेल, हेही त्याच वेळी पाहावे, कारण परगावच्या न्यायालयाचा उल्लेख असला की शाळा बहुधा भांडणच सोडून देते.

मालकी सिद्ध झाली तरी पीडीएफमधून उपयोग नाही, ही आपली खरी अडचण आहे. पीडीएफमधील प्रश्न छापता येतो, पण दुसऱ्या प्रणालीत तो पर्याय, बरोबर उत्तर आणि गुणांसह आपोआप उघडत नाही. प्रश्नांसाठी क्यूटीआय, धड्यांसाठी स्कॉर्म, संपूर्ण अभ्यासक्रमासाठी कॉमन कार्ट्रिज ही प्रचलित मानके आहेत, आणि गुण व हजेरीसाठी साधी स्प्रेडशीट पुरेशी असते. कंपनीला पत्र लिहून यांपैकी कोणत्या स्वरूपात साहित्य मिळेल, हे नेमके विचारावे. मुदत संपण्यापूर्वी विचारावे, कारण तोपर्यंत आपण ग्राहक असता आणि नूतनीकरणाची आशा असल्यामुळे कंपनी ऐकून घेते. काहीच मिळाले नाही तर निदान प्रश्न स्प्रेडशीटमध्ये मागावेत. त्यावरून मूडलला वाचता येईल अशी गिफ्ट नावाची साधी मजकूर-फाइल तयार करता येते. हे काम कंटाळवाणे आहे, पण एका संगणक शिक्षकाला सुट्टीत जमण्याजोगे आहे.

यापुढे कोणत्याही करारात पुढील आशयाचे कलम असल्याशिवाय सही करू नये : “करार संपल्यास किंवा कोणत्याही कारणाने सेवा थांबल्यास सेवादाता ३० दिवसांच्या आत संस्थेचे प्रश्नसंच, गुण, हजेरी व विद्यार्थ्यांनी सादर केलेले काम इतर प्रणालींत वापरता येईल अशा प्रचलित स्वरूपात, अतिरिक्त शुल्क न घेता, संस्थेच्या स्वाधीन करील, आणि ते मिळाल्याचे संस्थेने लेखी कळवल्यानंतर आपल्याकडील सर्व प्रती नष्ट करून तसे लेखी प्रमाणपत्र देईल.” कलमावर न थांबता पहिल्याच सत्राच्या शेवटी एका वर्गाचा डेटा मागवून तो दुसरीकडे उघडून पाहावा.

प्रश्न : माझ्या मुलीच्या शाळेने सक्तीने एक ॲप घ्यायला लावले आहे. त्यात तिचे नाव, जन्मतारीख, छायाचित्र आणि आमचे फोन क्रमांक भरावे लागले. शाळेने मुक्तस्रोत प्रणाली घेतली असती तर ही माहिती सुरक्षित राहिली असती का?
— एक पालक, पुणे

उत्तर : केवळ तेवढ्याने राहिली नसती. आपल्या देशातीलच उदाहरण आहे. ‘दीक्षा’ हा शासकीय मंच सनबर्ड या मुक्तस्रोत सॉफ्टवेअरवर उभा आहे. तरीही त्याची माहिती साठवणारा एक सर्व्हर असुरक्षित राहिल्याने शिक्षक आणि विद्यार्थ्यांची माहिती उघडी पडली होती, असे जानेवारी २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. कोड खुला असला तर त्यातील दोष बाहेरच्या जाणकारांना शोधता येतात, परंतु सर्व्हर नीट बंद करणे हे चालवणाऱ्याचेच काम असते.

फरक पडतो तो हेतूमध्ये. शाळेच्या स्वतःच्या प्रणालीत मुलांच्या माहितीतून कमाई करण्याचे कारण कोणाला नसते. वर उल्लेख केलेल्या एडमोडोवर अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने २०२३ मध्ये कारवाई केली. मुलांची माहिती पालकांच्या संमतीशिवाय गोळा करून जाहिरातींसाठी वापरल्याचा आणि संमती घेण्याची जबाबदारी शाळांवर ढकलल्याचा आरोप होता, आणि ६० लाख डॉलरचा दंड ठरवण्यात आला. आपल्याकडे २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियमात १८ वर्षांखालील सर्वांना मूल मानले आहे, पालकांची पडताळता येण्याजोगी संमती आवश्यक केली आहे, आणि मुलांवर पाळत ठेवणे व त्यांना लक्ष्य करून जाहिराती दाखवणे यांस मनाई केली आहे. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले असून तरतुदी टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत. शैक्षणिक कामकाजापुरती शाळांना काही सूट आहे. त्या सुटीचा अर्थ कंपनीला मोकळीक असा होत नाही.

आपण मुख्याध्यापकांना लेखी विचारावे की ही माहिती कोणाच्या सर्व्हरवर आहे, कोणत्या कारणासाठी छायाचित्र व जन्मतारीख हवी आहे, मुलीने शाळा सोडल्यावर ती कधी पुसली जाईल, आणि ॲप न घेणाऱ्या पालकांसाठी दुसरी सोय काय आहे. एकट्या पालकाच्या पत्राने काय होणार, असे समजू नये. डेन्मार्कमधील हेल्सिंगोर नगरपालिकेच्या शाळांतील गूगल सेवांचे प्रकरण एका पालकाच्या तक्रारीपासून सुरू झाले. जुलै २०२२ मध्ये तेथील डेटा संरक्षण प्राधिकरणाने त्या वापरावर बंदी घातली. पुढे ती बंदी स्थगित झाली, पण २०२४ च्या जानेवारीत त्याच प्राधिकरणाने ५३ नगरपालिकांना विद्यार्थ्यांच्या माहितीची हाताळणी कायद्यानुसार करण्याचा आदेश दिला.

प्रश्न : आमची जिल्हा परिषदेची द्विशिक्षकी शाळा आहे. मोबाइलची रेंज कधी असते, कधी नसते. ग्रामपंचायत आणि काही दानशूर मंडळी मिळून ‘डिजिटल शाळे’साठी निधी देत आहेत आणि एक विक्रेता सॉफ्टवेअरसह संच देऊ करतो आहे. घ्यावा का?
— प्राथमिक शिक्षक, नंदुरबार जिल्हा

उत्तर : दोन शिक्षक आणि अनिश्चित रेंज अशा परिस्थितीत इंटरनेटवर चालणारी कोणतीही प्रणाली, मुक्तस्रोत असो वा व्यापारी, विकत घेऊ नये. आपल्यासारख्या शाळांसाठी कोलिब्री नावाचे मुक्तस्रोत सॉफ्टवेअर आहे. ते एका जुन्या लॅपटॉपवर किंवा रास्पबेरी पाय या छोट्या संगणकावर बसते. जेथे रेंज आहे तेथे साहित्य एकदा उतरवून घेतले की शाळेतील साध्या वायफाय राउटरवरून मुले टॅबवर ते इंटरनेटशिवाय वापरू शकतात. त्याच्या पडद्यावरील सूचना मराठीत उपलब्ध आहेत. मराठी धड्यांचा साठा मात्र इंग्रजी-हिंदीच्या मानाने कमी आहे, म्हणून आपल्याकडील चांगले व्हिडिओ आणि स्वाध्याय त्यात स्वतः भरावे लागतील. निधीतून टॅब, राउटर आणि चांगल्या बॅटरीचा इन्व्हर्टर घ्यावा, कारण वीज गेली की डिजिटल शाळा थांबते. विक्रेत्याच्या संचातील सॉफ्टवेअर दरवर्षी नूतनीकरण मागणारे असेल तर ते नाकारावे. दानशूर मंडळी एकदा देतात, नूतनीकरणाचे बिल दरवर्षी येते.

आपल्या शिक्षक संघटनेमार्फत एक मागणी जिल्हा पातळीवर जरूर न्यावी. केरळने २००१ मध्ये आयटी ॲट स्कूल प्रकल्प सुरू केला, पुढे शाळांचे संगणक मुक्त सॉफ्टवेअरवर नेले, आणि २०१७ मध्ये त्या प्रकल्पाचे काइट या शासकीय कंपनीत रूपांतर केले. शाळांसाठीची लिनक्स प्रणाली ते स्वतः तयार करतात आणि शाळांना मदत करणारे प्रशिक्षक जिल्ह्याजिल्ह्यांत नेमलेले आहेत. द्विशिक्षकी शाळेने सर्व्हर सांभाळावा, ही अपेक्षाच अन्यायाची आहे. ते काम जिल्ह्याने किंवा राज्याने पगारी माणसे नेमून करायचे असते.

प्रश्न : मूडल मराठीतून वापरता येते का? आमच्या पाचवी-सहावीच्या मुलांना इंग्रजी बटणे समजत नाहीत.
— शिक्षिका, रत्नागिरी

उत्तर : येते. मूडलचा मराठी भाषासंच आहे आणि व्यवस्थापकाच्या पानावरून तो काही क्षणांत बसवता येतो. तो स्वयंसेवकांनी केलेला असल्याने अपूर्ण आहे, त्यामुळे अधूनमधून इंग्रजी शब्द दिसतील. मात्र भाषा-बदलाच्या सोयीतून शाळेला स्वतःच्या प्रणालीपुरती कोणतीही सूचना बदलता येते. मुलांना रोज दिसणारी पाने मोजकीच असतात : प्रवेश, अभ्यासक्रम, चाचणी, गृहपाठ सादर करणे. तेवढ्यांची मराठी दोन शिक्षकांनी बसून तपासली तरी पाचवीच्या मुलाचे काम भागते. ती वाक्ये मूडलच्या भाषांतर-प्रकल्पाकडेही पाठवावीत. मराठी संचाची जबाबदारी सांभाळणाऱ्याने ती तपासून स्वीकारली की पुढच्या अद्यतनात ती मराठी संच वापरणाऱ्या सर्वच शाळांपर्यंत पोहोचतात.